जिनदत्तला न म्हणता आलेलं वाक्य

जिनदत्त सदलग्याच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासतो. आमच्या गावात सख्ख्या भावाच्या शब्दाची खात्री करून घेतात, पण जिनदत्तनं सांगितलेल्या आकड्यावर कुणी तोंड उघडत नाही. म्हणून तर पर्युषणातल्या नाटकात सत्यव्रती व्यापाऱ्याचं काम मी त्याला दिलं. नाटक माझं, शेवटचं वाक्यही माझं: 'मी खोटं बोललो, पण मायेपोटी बोललो, त्याचं पाप मला लागत नाही.' या वाक्यावर मी स्वतःच बेहद्द खूश होतो.

तालमीत हा बाबा नेमका तिथंच अडखळायचा. शेवटी मी भडकलो. तेव्हा त्यानं मला बाजूला नेऊन सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी त्याची आई कमलाबाई चिकोडीच्या दवाखान्यात होती. चाळीस वर्षं तिनं जैनांचं व्रत म्हणून दिवस बुडाल्यावर अन्नाला हात लावला नव्हता. त्या दिवशी तपासण्यांतच संध्याकाळ गेली आणि पोटात काही जायलाच हवं, असं डॉक्टर म्हणाले. खिडकीला जाड पडदा होता. आईनं विचारलं, "दिवस बुडाला काय रं?"

"न्हाय आई, अजून ऊन हाय," असं म्हणून यानं तिला पेज भरवली. साडेसात वाजले होते. पुढं तिला अन्न जाईना, तिसऱ्या दिवशी ती गेली. थोरली बहीण त्रिशलाआक्का अजून अभिमानानं सांगते, आईनं शेवटपर्यंत व्रत पाळलं.

"आक्काला कळलं तर माझं तोंड बघणार न्हाय ती," जिनदत्त म्हणाला.

"मग गप्प बस आणि वाक्य म्हण," मी शहाणपणा शिकवला. आज त्याची लाज वाटते.

नाटक बस्तीसमोरच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरासमोरच्या मांडवात, दुपारी तीनला. दिवस बुडायच्या आत सगळ्यांना जेवायचं, त्यामुळं आमच्याकडं नाटकालाही घाई. शेवटच्या प्रवेशाला बायका पिशव्या आवरू लागल्या होत्या. त्रिशलाआक्का पहिल्या रांगेत होती. जिनदत्त पुढं आला, "मी खोटं बोललो" म्हणाला आणि थांबला. मी विंगेतून पुढचं वाक्य पुरवलं. दोनदा पुरवलं. चुळबुळ वाढली. तो आक्काकडं बघत होता.

"पाप लागतंय," तो म्हणाला. "आक्का, त्या दिवशी ऊन नव्हतं. आईला मी फसवून जेवू घातलं."

लोकांना वाटलं, नाटकच चाललंय. टाळ्या पडल्या. मी घाईनं पडदा ओढला, तोवर आक्का स्टेजवर चढलीसुद्धा. हात उचलते की काय, म्हणून मी आडवा गेलो. तिनं मला बाजूला सारलं.

"आईला ठाऊक हुतं रं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सच्या तोंडून पेज दिल्याची वेळ कळली तिला. मग प्रायश्चित्त म्हणून तिनं अन्न सोडलं."

"अन्न जात नव्हतं न्हवं तिला?"

"तुला तसं सांगायला तिनंच मला लावलं. पोरगं जन्मभर जळंल म्हणाली, शपथ घातली मला. तीन वर्षं मी सगळ्यास्नी खोटंच सांगत आले. आता तू खरं बोललास, मग मी कशी गप्प बसू?"

"म्हंजे आई माझ्यामुळं गेली?"

आक्का पटकन नाही म्हणेल, असं मला वाटलं. पण तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचा रंग पुसला आणि त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली.