आवाजाच्या दोन सेकंद आधी

घुग्घुसच्या बसस्टँडमागे जाफरभाऊचं घड्याळाचं दुकान आहे, पण तिथे वेळ विचारायची चूक शहाणा माणूस करत नाही. वेळ विचारली की जाफरभाऊ आधी तुमच्याच मनगटावरचं घड्याळ मागणार, डोळ्याला भिंग लावणार, मागचं झाकण उघडणार आणि मग तुमच्या आयुष्याचं वाचन करणार. धूळ काळी असली तर तुम्ही कोळशाच्या खाणीत, पांढरी असली तर सिमेंटमध्ये. दोन्ही असल्या तर, "काऊन भाऊ, नोकरी एकीकडे अन् सासुरवाडी दुसरीकडे काय?" एकदा एका सुपरवायझरच्या पट्ट्याला मोगऱ्याचं अत्तर लागलेलं निघालं. जाफरभाऊ तेव्हा एक शब्द बोलला नाही, नुसता हसला. पण तेवढ्या हसण्यावर बसस्टँडने पंधरा दिवस काढले.

तर असा हा बारकाईने पाहणारा माणूस. निम्मं दुकान आता मोबाईलच्या कव्हरांनी भरलंय, पण कव्हरं विकायला तो पुतण्याला बसवतो. स्वतः अजून चिमटा आणि भिंग सोडत नाही. चाळीस वर्षं यंत्रं उघडून त्याचं एक मत पक्कं झालं होतं: यंत्र चावी भरूनच जन्माला येतं, आपण फक्त धूळ झटकायची. आणि माणूस म्हणजे वेगळं काय?

या मताला पुस्तकाचा आधार मिळाला, तिथून सगळं बिघडलं.

पुस्तक होतं सुनेचं. अंजुम चंद्रपूरला डी.एड. झालेली, इथल्या एका खाजगी शाळेत सकाळची शिकवायला जायची. लग्नात आणलेल्या पेटीतून तिची कॉलेजची पुस्तकं निघाली आणि बालविकासाचं पुस्तक सासऱ्याच्या हाती लागलं. त्यात लहान मुलांबद्दल जुन्या काळी कोण काय म्हणून गेलं याचं एक प्रकरण होतं. कोणी म्हणे, बीजातच सगळा माणूस बारीक घडी घालून ठेवलेला असतो, तो फक्त फुगत जातो. एक इंग्रज म्हणे, पोराचं मन म्हणजे कोरी पाटी, लिहाल ते उमटेल. एक फ्रेंच म्हणे, पोराला निसर्गावर सोडा, मध्ये हात घालू नका. आणि एका दाढीवाल्या शास्त्रज्ञाने म्हणे आपल्या पहिल्या मुलाची रोजची नोंद वहीत ठेवली होती. कधी हसला, कधी घाबरला, कशाला दचकला, सगळं.

जाफरभाऊला घडी घातलेला माणूस फार आवडला. अगदी घड्याळासारखाच! फ्रेंच साहेबही पटला.

"पाय बेटा," तो अंजुमला म्हणाला, "एवढा मोठा माणूस सांगून राह्यला, लेकराले हात लावू नका म्हणून."

"हो अब्बा. अन् त्या मोठ्या माणसाने स्वतःची पाचही लेकरं अनाथालयात नेऊन टाकली होती."

"पुस्तकात लिवलंय?"

"नाई, आमच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं."

जाफरभाऊला ही बातमी एवढी गोड लागली की त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर ती सगळ्यांना कळली. पण साहेबाचं मत मात्र त्याने सोडलं नाही. लोकांची लफडी वेगळी आणि लोकांची अक्कल वेगळी, असं त्याचं म्हणणं.

अरीबा जन्मली, जाफरभाऊचा मुलगा सलमान आणि अंजुमची पहिली मुलगी, आणि जाफरभाऊने लाल पुठ्ठ्याची जाड वही आणली. दाढी त्याला होतीच. उरलेलं शास्त्र वहीत भरायचं होतं.

वही त्याने खरोखर मन लावून लिहिली. कोणत्या दिवशी कुशीवर वळली, कोणत्या दिवशी बसली, दात वरचा आधी की खालचा. जाहिदाबाई, त्याची बायको, चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणायची, "अजी, माह्या चार लेकरांच्या वख्ती तुम्हाले कोणता दात आला तेही ठाऊक नव्हतं." तो म्हणायचा, "तवा मी अनाडी होतो."

या वहीत एक नोंद रोजची होती. दुपारी दोनच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडतात. आधी भोंगा वाजतो, मग स्फोट होतो. जाफरभाऊच्या वस्तीत घरं हलतात, मांडणीवरचे पेले वाजतात आणि त्याच्या घराच्या भिंतीवरची अकरा घड्याळं काचेसकट थरथरतात. मोठ्यांना त्याची सवय झालेली. वहीत लिहिलेलं असायचं: "भोंगा झाला. अरीबा घाबरली नाही, धीट आहे. स्फोटाला दचकली. मग खेळू लागली."

दीड वर्षाची झाली तेव्हा अंजुम म्हणाली, "अब्बा, मी मागून नाव घेते, ही पाहतच नाई. अजून 'अम्मी'सुद्धा नाई म्हणत. चंद्रपूरले कानाच्या डॉक्टरले दाखवू एकदा."

जाफरभाऊने वही उघडली. बोट ठेवून एकेक पान दाखवलं. "हे पाय. हे पाय. बहिरं लेकरू स्फोटाले दचकते काय? शिकलेली आहे ना तू?"

जाहिदाबाईने वरून फोडणी दिली. "सलमान साडेतीन वर्षांचा झाला तवा बोलला. पहिला शब्द काय, तर 'नाई'."

सलमान, जो खाणीत शंभर टनाचा डम्पर वळवतो पण घरात ज्याच्या हाती कशाचंच चाक नाही, तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "अब्बा म्हणतेत ते बरोबर असन." लहानपणी शिकलेला एकुलता एक शब्द तो लग्नानंतर विसरला होता.

अंजुमने तेव्हा माघार घेतली. पण ती मास्तरीण. सहा महिन्यांनी तिने दुसरी बाजू लावली. सलमानची बहुधा रात्रपाळी असे, दिवसभर तो झोपायचा, आणि घरात सगळे कुजबुजत बोलायचे. "अब्बा, अकबर बादशहाने तान्ही लेकरं एका घरात ठेवली होती ना, मुक्या दायांच्या हवाली? कोणती भाषा आपोआप येते ते पाहायले? त्या लेकरांले कोणतीच भाषा आली नाई. आपलं घर तसंच झालंय. निदान एवढं तरी पाहू, की कानात काही दोष नाई."

बादशहाच्या त्या मुक्या घराची, म्हणजे गुंग महालाची, गोष्ट जाफरभाऊला माहीत होती. पण डॉक्टरचं वाक्य त्याने सोडलं आणि बादशहाचं तेवढं धरलं. बीज राहिलं बाजूला, आता पाटी कोरी होती. त्याने सलमानची खाट मागच्या खोलीत हलवली, अरीबाच्या उशाशी रेडिओ ठेवला आणि दुकानातून येऊन रोज तासभर तिच्यासमोर मोठ्याने वर्तमानपत्र वाचू लागला. कापसाचे भाव, सोयाबीनचे भाव, निधनवार्ता. अरीबा त्याच्या दाढीची हालचाल टक लावून पाहायची आणि खुदकन हसायची. वहीत नोंद झाली: "लक्ष देऊन ऐकते."

यात आणखी एक वर्ष गेलं. अरीबा तीन वर्षांची झाली. तिला भूक लागली की ती ताट ओढून आणायची, बाहेर जायचं असलं की चप्पल आणून आजोबांच्या पायावर ठेवायची. शब्द एकही नव्हता. शेजारपाजारच्या बाया आता तिच्यासमोरच विचारू लागल्या होत्या, आणि जाफरभाऊ त्यांच्या नवऱ्यांच्या घड्याळांतली गुपितं आठवून आठवून त्यांना परतवत होता. अंजुम त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

त्याच सुमारास एका शाळेचं बंद पडलेलं स्टॉपवॉच दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं आणि जाफरभाऊला खेळ सुचला. आठवडाभर त्याने दुपारी घरी जाऊन सेकंद मोजले. जे निघालं त्याने तो हरखून गेला. वही बगलेत मारून तो थेट टपरीवर आला.

टपरीवर लालसूभाऊ बसला होता. मूळचा एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा. तीस वर्षं सुरुंगाच्या कामावर काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. दोघांची दोस्ती म्हणजे रोजची खेचाखेची.

"काय जाफरभाऊ, आज कोणाचं अत्तर सापडलं?"

"अत्तर सोड बे. माह्या नातीले लोक मुकी म्हणतेत ना? पाय आता." वही उघडली. "तुह्या स्फोटाचा आवाज आमच्या घरी येते, त्याच्या दोन सेकंद आधी पोरगी दचकते. दोन सेकंद! सात दिवस मोजलो. सातही दिवस. आपल्याले ऐकू यायच्या आधी तिले ऐकू येते. कुत्र्यामांजराचे कान आहेत तिचे."

लालसूभाऊ हसायला तोंड उघडत होता. ते त्याने मिटलं. बशी खाली ठेवली.

"अन् मंग आवाज आल्यावर काय करते?"

"म्हंजे?"

"दोन सेकंदानं धडाम होते. तवा काय करते ते लिवलं असन ना."

जाफरभाऊने वहीत पाहिलं. मग मागचं पान. मग त्याच्या मागचं. सगळीकडे पुढचं वाक्य एकच होतं. "मग खेळू लागली."

"जाफरभाऊ," लालसू हळू बोलला, "आम्ही सुरुंग उडवाचो ना, तवा आधी पायाले कळे. जमीन लवकर धावते, हवा मागून येते. आमच्या टोळीतला कोलू तर दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला होता. त्यालेही कळे. चप्पल काढून उभा राहे तो." मग चहा न पिताच उठताना म्हणाला, "उद्या तिले खांद्यावर घेऊन उभा राय. जमिनीवर ठेवू नको."

त्या रात्री जाफरभाऊ जेवला नाही. जाहिदाबाईला वाटलं, पित्त झालं.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला तो घरी होता. अंजुम शाळेतून आली होती, दाराशी उन्हात वाटाणे सोलत बसली होती. त्याने अरीबाला उचलून खांद्यावर घेतलं. अरीबा त्याच्या टोपीची कड उसवायच्या मागे लागली. भोंगा वाजला. तिची बोटं टोपीच्या कडेवरच. मग त्याच्या तळव्यांना जमीन सरकल्यासारखी झाली, अकरा काचा थरथरल्या. अरीबा टोपीतच गुंतली होती. त्याने मनात मोजलं, एक, दोन, आणि धडाम झालं. त्याच्या स्वतःच्या छातीत ते घुमलं. खांद्यावरच्या बोटांनी टोपीतून एक धागा ओढून काढला आणि तो त्याच्या डोळ्यांसमोर नाचवला.

वाटाण्याच्या शेंगांचं ताट हातात धरून अंजुम हे पाहत होती. ताट बाजूला ठेवून ती पुढे झाली आणि तिने पोरीला त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतलं.

संध्याकाळी सलमान उठल्यावर जाफरभाऊ म्हणाला, "रजा टाक. नागपूरले जायचं." आणि आयुष्यात पहिल्यांदा सलमानला वाद घालावासा वाटला. "पण अब्बा, तुम्हीच तं म्हणत होते..." जाहिदाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तुह्या बापानं म्हटलं अन् तू मानलं. तुले डोळे नव्हते? मलेही नव्हते." आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली.

नागपूरला दोन दिवस तपासण्या झाल्या. तरुण डॉक्टरीण होती. तिने निकाल सांगितला, की दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि हे बहुधा जन्मापासूनचं आहे. मग विचारलं, "शंका कधी आली?"

अंजुम जमिनीकडे पाहत राहिली. तिने सांगितलं असतं तर कोणी अडवलं नसतं.

जाफरभाऊने लाल वही टेबलावर ठेवली. "पोरगी दीड वर्षाची होती तवापासून हिले शंका होती. पानं आहेत. हीच दाखवून मी हिले येऊ देलो नाई."

डॉक्टरीण वही चाळत बसली. एका पानावर थांबली, पुन्हा मागे गेली. "एवढं नीट कोणी लिहून आणत नाही, काका," ती म्हणाली. मग वही मिटून तिने जे खरं होतं तेही सांगितलं. भाषा शिकायची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त असते. दीड वर्षाची असताना आणली असती तर हाती जास्त असतं. आता आधी कानात यंत्रं लावून पाहू. घरी आवाजाकडे लक्ष जातं का ते लिहून ठेवा. फरक नाही पडला तर कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन, तेही पाच वर्षांच्या आत. त्यानंतरही शिकवणं फार लागेल, आणि किती येईल हे आज कोणी सांगू शकत नाही.

परतीच्या गाडीत अरीबा आजोबांच्या मांडीवर झोपली. भद्रावती आली तेव्हा जाफरभाऊने वही आणि पेन अंजुमपुढे धरलं. "हे तू लिव. मले जे पाहिजे तेच मले दिसते."

अंजुमने वही घेतली. "ठीक आहे," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात माफी नव्हती, आणि मागायची त्याची हिंमतही झाली नाही.

यंत्रं लागली. पहिले चार दिवस अरीबाने ती उपटून पाण्याच्या घागरीत टाकायचा चंग बांधला. नंतर सवय झाली. दीड महिना झाला त्या दुपारी अंजुमने अरीबाला झोळीत बसवलं, आणि जमिनीचा धक्का पोचू नये म्हणून झोळी स्वतःच्या हातांनी उचलून धरली. जाफरभाऊ समोर, जाहिदाबाई दारात. भोंगा झाला, काही नाही. काचा वाजल्या. एक, दोन, धडाम.

अरीबाने झोळीबाहेर हात काढून आजोबांची दाढी धरली. त्या क्षणी तिचं डोकं किंचित वळलं होतं, एवढं नक्की. आवाजाकडे की दाढीकडे?

अंजुमने झोळी खाली ठेवली, वही उघडली आणि लिहिलं. जाफरभाऊने तिच्या खांद्यावरून वाचलं: "आवाजाला काही नाही."

"थोडी मान..." तो म्हणू लागला.

अंजुमने पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"नाई," जाफरभाऊ म्हणाला. "बरोबर लिवलं तू. तसंच राहू दे." मग उठून तो भिंतीवरची नागपूरची फाईल काढायला गेला आणि तिथूनच त्याने झोपलेल्या सलमानला हाक मारली, मोठ्याने, सगळी वस्ती ऐकेल अशी: "ऊठ बे! ऑपरेशनची तारीख घ्यायची आहे."