पटेलकाकांची उभी शेती

स्वतःच्याच घराच्या बाल्कनीत जाताना चपला काढून ठेवणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. हैदराबादच्या विद्यानगरातील आमच्या इमारतीत त्यांना सर्व जण पटेलकाका म्हणत. बाल्कनी एवढीशी, की दोघे उभे राहिले तर तिसऱ्याने घरात थांबावे. तीत त्यांनी लोखंडी सांगाड्यावर एकावर एक पाच कप्पे बसवून घेतले होते. वरच्या कप्प्यात घातलेले पाणी झिरपत शेवटच्या कप्प्यापर्यंत जाई. मेथी, पालक, कोथिंबीर, अंबाडी आणि मिरची अशी ती उभी शेती होती. "वावरात चपला घालून शिरत नसतात, मुनशीजी," असे ते मला बजावत. आबिड्सला अर्ज लिहिण्याचा माझा व्यवसाय आहे. शिक्षण आठवीपर्यंतचेच झाले, तथापि माझ्या मसुद्यातील एक शब्दही बदलण्याची गरज आजवर कोणास भासलेली नाही.

काका मूळचे नांदेडकडचे, चांगल्या जमीनदार शेतकऱ्यांपैकी. मुलाच्या नोकरीमुळे शहरात आले, परंतु पेरणी नक्षत्र पाहूनच करीत. चौकीदार खालून ओरडे, "क्या पटेल साब, बैलां किधर बांधे?" काका कठड्यावरून गंभीरपणे उत्तर देत, "लिफ्ट में नै आते बोलके गाँव में छोड़ दिया रे!"

पहिल्या तोडणीची भाजी त्यांच्या घरी कधी शिजली नाही. गावी सुगी झाली की सुतार, न्हावी, महार अशा कामकऱ्यांना खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे, त्याच रीतीने काका लहान लहान जुड्या बांधून धोबी, चौकीदार आणि शेजारी यांच्या दारी जात व म्हणत, "घ्या, तुमचं बलुतं." लोक हसून घेत. भाजीची पिशवी धरून मी त्यांच्या मागे चालत असे, आणि त्यातही मला एक प्रकारचा मान वाटे.

राज्याची वाटणी होऊन सरकारी कार्यालये आणि तेथील नोकरवर्ग दोन राज्यांत विभागला जात होता, त्या दिवसांत वरच्या मजल्यावर शीलाताई भाड्याने राहावयास आल्या. सरकारी नोकरीत होत्या, मराठी बोलत, आणि घराणेही नांदेडकडचेच. "आपल्याकडची लेक आली," म्हणून काकांनी सर्वांत मोठी जुडी बांधली. दार उघडताच ती पुढे करून ते आनंदाने म्हणाले, "घे लेकी, तुझं बलुतं!" मी सवयीने हसलो.

ताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"काका, माझ्या आजोबांनी ते मागायचं सोडलं. त्यापायी त्यांना गाव सोडावं लागलं. म्हणून आम्ही हैदराबादेत आहोत."

आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती आम्हां दोघांना तेव्हा दिसली. दार आपटले नाही, हळूच लागले. जिना उतरताना काका माझ्याकडे पाहीनात, आणि मला माझे तोंड कुठे लपवावे हे कळेना. त्यावर अजून हसू होते.

त्यानंतर काका जिन्यात ताईंची पावले वाजली की दार लोटून घेत. पुढे ताईंचे नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत लागले आणि त्यांच्याकडे सामान बांधणे सुरू झाले. मी काकांना म्हणालो, "आपल्या वतीने एक दिलगिरीपत्र तयार करून देतो."

"नको मुनशीजी. तुमच्या कागदात साहेबाला खूश करतात. मला तिच्यासमोर उभं राहू द्या."

ते रिकाम्या हातांनी वर गेले. मी एक पायरी मागे थांबलो. "लेकी, चुकलो," एवढेच ते बोलू शकले.

"तुम्ही वाईट मनानं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे, काका," ताई म्हणाल्या. "त्याचंच जास्त लागलं."

"मग मी काय करू, सांग."

ताई क्षणभर थांबल्या. "वाटा नको. एक कप्पा द्या, मातीसकट. मी पिकवीन माझं मी."

आम्ही तिघे खाली बाल्कनीत आलो. "कोणता घेतेस?" काकांनी विचारले. ताईंनी सर्वांत वरचा दाखवला. त्यालाच दिवसभर ऊन लागे आणि पाणीही आधी त्यालाच मिळे. काकांनी पाना उचलला, बोल्टावर लावला आणि त्यांचा हात थांबला. फार वेळ नाही. परंतु मी पाहिले, ताईंनीही पाहिले. मग त्यांनी मान खाली घालून चारही बोल्ट सोडवले.

दुसऱ्या दिवशी तो कप्पा ताईंच्या सामानाबरोबर टेम्पोतून गेला. टेम्पो वळेपर्यंत काका कठड्याला धरून उभे होते.

"मुनशीजी, टोपलीभर माती तर मागितली तिनं. तरी माझा हात आखडला. गावची मागितली असती तर?"

माझ्याही नावावर गावी जमीन आहे. मी दाराशी काढलेल्या चपला घातल्या आणि घरी निघालो.