मोर तिचा नव्हे

बायकोच्या बाराव्याला माणसं जेवून उठली आणि एक चुलतभाऊ म्हणाला, "वयनीन काढलेलो तो मोर काय देखणो होतो रे!" हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घालायचा तेवढा राहिला. तो मोर तिचा नव्हे. मी शिकलेला नाही, लिहिणं मोडकंतोडकं आहे, पण एवढं लिहून ठेवणारच.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. आमच्याकडे, कुणकेश्वरच्या बाजूला, चतुर्थीला गणपतीमागची भिंत रंगवतात. कुणी कमळ काढतो, कुणी मोर. त्या वर्षी हिने नुसते रंग लावले. तांबडी काव, हळद, कपड्यांची नीळ. नारळाच्या सोडणाचा, वरच्या काथ्याच्या सालीचा, कुंचला केला आणि एक रंग दुसऱ्यात मिसळत नेला. चित्र म्हणून काही नाही. मग रोज दुपारी भांडी घासून झाली की ती भिंतीसमोर बसायची.

मी विचारलं, "काय बघतंस गो?"

"काय नाय. हेच्याकडे बघताना मागचा-फुडचा काय आठवणा नाय. हयसरच आसंय, असा वाटता."

पहाटेपासून राबणारी बाई. अख्ख्या घरात तिची म्हणून तेवढीच एक जागा.

चतुर्थी तोंडावर आली आणि दादा, माझा थोरला भाऊ, मुंबईहून फोंड्याचा घाट उतरून आला. भिंत बघून ओरडला, "अर्धीच सोडलास रे? मोर खंय?"

दारामागून ही म्हणाली, "दादांका सांगा, भिंत पुरी झाली."

मी सांगितलं. तो हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही नवराबायको भातातलं तण काढायला गेलो, तेवढ्यात या शहाण्याने मूर्तिकाराच्या माणसाला बोलावून भिंतभर मोर काढून घेतला. वर आम्हालाच म्हणतो, "बघ, पुरी केलंय!" आणि आरतीला आलेला जो तो, मोर हिनेच काढला समजून, हिची पाठ थोपटतोय. काय बोलणार ती? वीस माणसांचं जेवण चुलीवर होतं.

विसर्जन झाल्यावर मी म्हटलं, "चुनो मारतंय. तू परत रंगव. कोण हात लावता, ता मी बघतंय."

"नको," ती म्हणाली. "आता माकाच थंय मोर दिसता."

मी चुना मारला. भिंत पांढरीच राहिली. दुपारची ती मागीलदारी माडाच्या झावळ्यांची झापं विणत बसू लागली.

दादाला हे सगळं सांगितलं. तर म्हणाला, "मोर आवडाक नाय? मगे फुडल्या वर्सा कमळ काढूया."