रान समजून उपटलेले गुलाब

माझे बाबा डहाणूच्या चिकूवाड्यांत कलमं बांधायचे. चाकू कधी घेतला, साल कधी उचलली आणि पट्टी कधी गुंडाळली हे बघणाऱ्याला कळायच्या आत त्यांचा हात पुढच्या खुंटावर गेलेला असायचा. वाडीचा मालक पाहुण्यांना मुद्दाम बाबांजवळ आणून उभं करायचा. पाहुणे फोटो काढायचे, बाबा मान वर करायचे नाहीत. शाळेची पायरी ते चढले ते फक्त माझं नाव घालायला. ही गोष्ट मी कुणासमोरही सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

२०१४ साली मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तलासरीकडच्या आमच्या पाड्यात, आमच्या घराण्यातली पहिलीच. पेढे वाटून झाले, लोक गेले, तसं बाबांनी विचारलं, “झाडांचंच शिकलीस ना? मग एखादं झाड करून दाखव.”

टोमणा नव्हता तो. गवंड्याच्या पोराला भिंत बांधून दाखव म्हणावं, इतकं सरळ होतं. मला मात्र ते लागलं. कलम बांधण्यात त्यांची बरोबरी करायला मला एक जन्म पुरला नसता. त्यांना येत नाही आणि मला येतं, असं एकच काम मला ठाऊक होतं. दोन झाडांचा संकर करून बी धरायचं आणि त्या बियांतून नवं झाड काढायचं. कॉलेजात ते फळ्यावर शिकले होते, हाताने कधी केलं नव्हतं, पण हे मी तेव्हा बोलले नाही.

आमच्या ओट्याशेजारी गावठी गुलाबी गुलाब होता. त्याचा वास रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायचा, पण ऊन चढलं की पाकळ्या खाली. पलीकडे नर्सरीतून आणलेला लाल. ताठ, भरदार, चार दिवस टिकणारा, आणि नाकाला लावला तर कागद. लालचा टिकाऊपणा आणि गुलाबीचा वास एका झाडात आणायचा, असं मी बाबांना सांगितलं.

“बियांपासून?” ते म्हणाले. “वाडीत बी पेरून चिकू कोण लावतं का? इतकी वर्षं पाणी घाला, आणि मग कळतं, फळ वाळूसारखं.”

“बघा तरी.”

“बघतो की. मी कुठे चाललोय?”

पहिला हिवाळा वाया गेला. लाल गुलाबाची अर्धी उमललेली कळी घ्यायची, पाकळ्या काढायच्या, आतले पुंकेसर नखं कापायच्या कात्रीने उडवायचे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबीचे पराग मऊ ब्रशने मध्यावर लावायचे. हे सगळं मी नीट केलं. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “अगं बाय, फूल सोललंस का?” पण तिची जन्माची सवय अशी, की सकाळी देवाला फुलं काढताना झाडावरची वाळकी बोंडंही खुडून टाकायची. झाडावर फूल सुकू देणं तिच्या लेखी आळशी घराचं लक्षण. माझी सोललेली फुलं तिला वाळकीच वाटली. एकही उरलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तोडही तिनेच काढली. दुसरे पराग बसू नयेत म्हणून मी फुलाला कागदाची टोपी घातली, की ती त्या देठाला लाल दोरा बांधायची. दोरा नवसाचा म्हटल्यावर पाड्यात कुणी हात लावेना. एक शेजारीण विचारायला आली, “कसला गं नवस?”

“पोरीच्या लग्नाचा,” आई म्हणाली.

चार महिने अख्खा पाडा माझ्या लग्नाची वाट बघत होता.

चैत्रात बोंडं नारिंगी झाली, कच्च्या सुपारीएवढी. गुलाबाला फळ येतं हे आईने पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी एक बोंड हातात घेऊन फिरवलं. पावसाळा सरत आला तसं मी बी ओल्या कपड्यात गुंडाळून डब्यात घातलं आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला, कारण त्या बियांना उगवण्याआधी थंडी भोगावी लागते आणि आमच्याकडची थंडी म्हणजे स्वेटर असणाऱ्यांची हौस. डब्याशेजारी चिंचणीहून आणलेले सुके बोंबील होते.

“वासाचा गुलाब करतेय,” बाबा आईला म्हणाले, “आणि बोंबलाशेजारी निजवतेय. बघ हां, कसला वास येतो ते.”

दसऱ्यानंतर मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेटीत मी बी पेरलं. पुष्कळ कुजलं, पुष्कळ उगवलंच नाही. नऊ रोपं आली. वीतभर झाल्यावर मी ती काळ्या पिशव्यांत हलवली आणि घरामागे बाबांच्या रांगेच्या शेवटी ठेवली. तिथे ते रानगुलाबाच्या फांद्या रुजवायचे आणि खुंट तयार झाला की त्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरायचे, म्हणजे कळी फुटायची ती जागा सालीसकट कापून खुंटाच्या सालीत बसवायचे. डोळा मेला, की खालचं रान जोरात फुटतं. बारीक फांदी, सात-सात पानं, काटेच काटे. असं रान दिसलं की उपटायचं, हे त्यांच्या हाताला डोक्याला न विचारता कळायचं.

जानेवारीतला एक रविवार. मी तेव्हा शिकवत होते त्या शाळेतल्या मुलांना घेऊन खेळांच्या स्पर्धेसाठी डहाणूला गेले होते. कासा नाक्यावरून जीपने घरी आले तर बाबा ओट्यावर बसलेले. समोर ओलं गोणपाट, त्यावर माझी आठ रोपं ओळीने निजवलेली.

“रांग साफ करत होतो,” ते म्हणाले. “मला रान वाटलं. आठ उपटली. नवव्याला हात घातला आणि तुझ्या आईने चहाला हाक मारली. चहा पिताना आठवलं.”

मी खाली बसून एकेकाची मुळं बघायला लागले.

“शिव्या घाल,” ते म्हणाले. “मी तुझ्या जागी असतो तर घातल्या असत्या.”

वाऱ्याने पडली, शेळीने खाल्ली, काहीही सांगता आलं असतं त्यांना. माझा विश्वासही बसला असता. शिकलेल्यांत मी पुढे पुष्कळ वावरले. चूक झाली की कागद कसा फिरवतात ते जवळून पाहिलं. तेव्हा मला ते ओट्यावरचं गोणपाट आठवतं.

आठही पुन्हा लावली. आठही मेली. उरलं एक.

त्या एकाला बाबांनी तळहातावर वाढवलं म्हटलं तरी चालेल. तरी ऊन तापायला लागलं आणि त्याचं खोड मातीजवळ काळं पडलं. बाबांनी बोटाने दाबून पाहिलं.

“मूळ गेलं. वर थोडा जीव आहे. आज डोळे काढले तर निघतील, उद्या नाही.”

डोळे काढायचे म्हणजे झाड तोडायचं. लागले नाहीत तर तीन वर्षांचं काहीच उरणार नव्हतं, आणि करून दाखव म्हणणाऱ्यासमोर मी मोकळ्या हाताने उभी राहणार होते. मी म्हटलं, “बांधा.”

त्यांनी चाकू पुसला. मग पुन्हा पुसला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग रानगुलाबाच्या खुंटावर साल उचलली आणि गव्हाच्या दाण्याएवढा डोळा आत सरकवला. असे तीन खुंटांवर तीन डोळे. सगळं मिळून विडी ओढायला लागतो तेवढा वेळ. खुंट आंब्याच्या सावलीत ठेवले. पंधरा दिवसांनी पट्ट्या सोडल्या तर दोन डोळे काळे, एक हिरवा.

२०१७ च्या दिवाळीनंतर त्यावर पहिलं फूल आलं. रंग जांभाच्या सालीसारखा लालसर गुलाबी, पाकळ्या लालइतक्या भरदार नाहीत, मान थोडी खाली. मी जवळ गेले नाही. आधी बाबांनी बघावं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

वास घेतलेलं फूल आमच्याकडे देवाला वाहत नाहीत. पहिलं फूल देवाचं, असं आई धरून बसली होती. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकले आणि झाडावरच त्याचा वास घेतला. लांब श्वास ओढून, डोळे मिटून.

“झालं!” आई म्हणाली. “आता देवाला चालायचं नाही ते.”

“देवाला पुढचं,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “मान वाकडी आहे.”

“हो.”

“वास आहे. गावठीचाच आहे, पण आत लिंबाच्या सालीसारखं काहीतरी आहे. ते कुठून आलं?”

“माहीत नाही. बियांत काय निघेल ते आधी सांगता येत नाही.”

“हं.” ते पुन्हा वाकले. ते फूल तीन दिवस झाडावर टिकलं. त्या तीन दिवसांत वाडीतले त्यांचे दोन सोबती येऊन वाकून गेले. त्यांना बाबांनी सांगितलं, “पोरीने केलंय. मी फक्त बांधलं.”

चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. बाबा अंगणात उभे, हातात लाल गुलाबाची फांदी. फुलाच्या पाकळ्या त्यांनी ओढून काढलेल्या, दुसऱ्या हातात माझा ब्रश, उलटा धरलेला.

“आता या भुकटीचं काय करायचं ते दाखव,” ते म्हणाले.

मी फूल पाहिलं. पूर्ण उमललेलं होतं, मधमाश्या केव्हाच येऊन गेलेल्या. शिवाय झाडावरून तोडलेलं.

“बाबा, हे नाही चालणार. शिळं झालं. अर्धी मिटलेली कळी लागते, आणि ती झाडावरच ठेवायची.”

त्यांनी फुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मग आधी सांगायचं ना,” म्हणाले, आणि कळी शोधायला परत झाडाकडे गेले. मी चपला काढून ठेवल्या. त्या दिवशी माझी जीप चुकली.