शाळेच्या ड्रेसचा रंग

आई,

सासरचे सगळे हळद शिजवायला शेतात गेले होते, त्या दुपारी मी परीला घेऊन हट्टा गावातून निघाले. पिशवीत तिचे दोन फ्रॉक आणि माझे दवाखान्याचे कागद. वसमतच्या स्टँडवर मी गालावरचे वळ पदरानं झाकत होते आणि चार वर्षांची पोर साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारत होती, "आपण काहून चाललो?"

तुला फोन केला तर तू म्हणालीस, "लेकराला बापापासून तोडू नको, बाई." त्या वाक्याचा मला अजून राग आहे. तिच्यादेखत माझं डोकं चुलीवर आपटलं तेव्हाही तो तिचा बापच होता.

याला दोन वर्षं झाली. शिफ्ट, टिफिन, ओटीपी हे शब्द आता तोंडात बसलेत. ताबा हा शब्द मात्र बसत नाही. आपल्याकडं शेताचा ताबा असतो, कोर्टाच्या कागदावर लेकराचाही ताबाच. थोरले दीर कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाले, "ताबा सोडायचा न्हाई," तेव्हा क्षणभर मला वाटलं, बांधाचंच बोलून राहिलेत.

ताबा माझ्याकडं राहिला. परीच्या बापाला महिन्यातून एका शनिवारी दोन तास भेट, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. मी बाहेर बाकावर. पहिल्या भेटीला त्यानं आणलेला फ्रॉक परीच्या दंडातून वर चढेना. तरी मी मनाची समजूत घातली, आठवण येत असेल बिचाऱ्याला. त्या बिचाऱ्या शब्दाची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या भेटीनंतर बसमध्ये परी खुशीत होती. पप्पा लई लाड करतेत म्हणाली. शाळेच्या ड्रेसचा रंग इचारला, खिडकीतून काय दिसतं ते बी इचारलं. जेवलीस का, हे विचारलं का, असं मी विचारलं. तिनं आठवून पाहिलं आणि मान हलवली. मांडीवर लेकरू बसवून तो माझा माग काढत होता. पंधरा दिवसांत दीर शाळेच्या गेटवर उभे. मग खोली गेली, शाळा गेली, कामही गेलं. शहरच बदललं.

आमच्या वकीलबाईंनी अर्ज केला. भेटी बंद झाल्या नाहीत, पण आता कोर्टानं नेमलेल्या एक मॅडम खोलीत बसतात. आणि मी, भाजी निवडता निवडता, परीकडून खोटं पाठ करून घेतलं. ड्रेस निळा, घर मावशीजवळ. सहा वर्षांच्या पोरीला खोटं शिकवताना त्या माणसाची शिसारी आली, आणि माझीही.

गेल्या शनिवारी त्यानं गोड आवाजात विचारलं, "बेटा, नवीन घर कुठं हाय?" परीनं पाठ केलेलं काहीच सांगितलं नाही. मॅडमनी मला नंतर सांगितलं, ती मान खाली घालून म्हणाली, "घर सांगितलं की बदलावं लागतंय."

प्रत्येक फोनवर तू विचारतेस, कुठं राहता, एकदा येऊन बघते. दादा हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवेल आणि ओसरीवर कोण बसलेलं असेल, ठाऊक नाही. घर चांगलं आहे, आई. परी तिथं कडी न तपासता झोपते. म्हणून तुलाही सांगत नाही.