व्हरांड्यातली व्याजदराची शिकवणी

माझी पहिली नोकरी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यातली. कंपनीची बँकेतली कर्जं आणि ठेवी सांभाळणाऱ्या ट्रेझरी विभागात मी सगळ्यांत नवी होते. बँकांचा जुना प्रमाण व्याजदर जाऊन नवा येणार असं कळलं, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, तिन्ही युनिटच्या लोकांना हे तू समजावून सांग."

"सर, मी?"

"तूच. मी बोलायला लागलो की लोक झोपतात."

हे मात्र खरं होतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत आईने तिची ठेवणीतली साडी मला नेसवली. निऱ्या काही केल्या तिच्या मनासारख्या पडेनात. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिन्ही युनिटचे लोक जमले. मी प्रोजेक्टर सुरू केला, पडद्यावर पहिलं चित्र आलं आणि लोडशेडिंग झालं. उकाड्याने सगळेच उठले. बाकडी उचलून आम्ही व्हरांड्यात बसलो.

उल्हासनगर युनिटचे हिशेब बघणारे सिंधी गृहस्थ वयाने मोठे. सगळे त्यांना काकाच म्हणत.

"बेटी, एकच सांग," ते म्हणाले, "व्याज वाढणार का कमी होणार?"

"माहीत नाही, काका."

हशा पिकला. तरी मी रेटून म्हटलं, "पण आपल्या करारात लिहिलंय, 'जुन्या दराच्या वर दोन टक्के'. तो दरच राहिला नाही, तर दोन टक्के कशाच्या वर धरायचे?"

"अरे, ये तो बँक से पूछना पडेगा," म्हणत काकांनी पिशवीतून कराराची प्रत काढली.

मग दुपारभर आम्ही एकेक कलम मोठ्याने वाचलं. बँकेत कुणी जायचं, व्याज वाढलंच तर कुठला खर्च पुढे ढकलायचा, सगळं तिथेच ठरलं. साहेब मागच्या बाकड्यावर बसून चहा मागवत होते.

नवा दर लागू झाला त्या दिवशी कुणाचीच धावपळ झाली नाही. तिन्ही युनिटचे करार बँकेने आधीच दुरुस्त करून दिले होते. त्याच आठवड्यात काका घरची कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, घेऊन आले. विभागातल्या सगळ्यांनी ती साहेबांच्या टेबलाभोवती उभ्यानेच खाल्ली.

तो कारखाना आता नाही. आम्हीही पांगलो. पुढे मोठ्या कंपन्यांत मी अशा कितीतरी बैठका घेतल्या. पण सकाळी कामावर जाताना पाऊल आपोआप भरभर पडायचं, ते त्याच वर्षांत.