मागून आलेला उजेड

रात्री दवाखान्यातून आईला घरी आणताना वाटेत गाडीचे सगळे दिवे गेले. घरातला पहिला पदवीधर मी, तोही फिजिक्सचा. पण बॉनेट उघडून नुसताच बघत राहिलो. दिवसभराच्या थकव्याने डोकंही चालेना. तेवढ्यात एक भाजीचा टेम्पो थांबला.

"मी तुमच्या मागे मागे येतो," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"मागं दिसायचा न्हाई तुम्ही, कुणीतरी उडवंल. पुढं व्हा, मी मागनं उजेड देतो."

आमच्याच गाडीची सावली पुढे सरकत होती. तिच्या कडेने मी रस्ता ओळखत गेलो. कॉलेजला निघालो तेव्हाही पुढे कुणीच नव्हतं. आई-बाप मात्र मागून हलले नाहीत.

घराशी टेम्पो वळला आणि आल्या वाटेने परत निघाला.

"त्याचं गाव मागंच राहिलं की रे," आई म्हणाली.